शालिकरामच्या मुठीतलं पाणी

आमच्या रंगमंचाचा उजवा खांब वीतभर खचला, म्हणून माझी आणि शालिकरामची ओळख झाली. एरवी तो गावाच्या उकंड्याचा, म्हणजे उकिरड्याचा मुकादम, आणि मी शालू नेसून, गजरा माळून दिव्यांपुढे उभा राहणारा नट. आमची गाठ पडायचं काही कारणच नव्हतं.

साल १९२८ असावं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि कापसाला बरे दिवस होते. कापूस विकून झाला की माघ-फाल्गुनात नाटक कंपन्या इकडे उतरत. अमरावतीला महिना, अकोल्याला महिना, आणि मधल्या दोन-चार गावांत आठ-आठ दिवस. त्या मधल्या गावांपैकी एकाची ही हकीकत आहे. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांची नावं मी इथे बदलली आहेत, त्यांची नातवंडं तिथे सुखाने नांदताहेत.

आमच्या मॅनेजरने नाल्याकाठचं एक सपाट मैदान फुकटात मिळवलं होतं. वास यायचा, पण धूप जाळून भागेल असा त्याचा हिशेब. दुपारची तालीम चालली होती. मी राणी. सिंहासनावर बसून मोठ्या तोऱ्यात भाषण करतो आहे, आणि सिंहासन मला हळूहळू उजवीकडे घेऊन निघालं. मी मान डावीकडे कलवून तोल सांभाळला. भाषण सोडलं नाही. तोच कनातीच्या फटीतून आवाज आला.

"राणीसाहेब, उठा तिथून. तुमच्या राज्याखाली केळीचे खुंट हायेत."

सगळे हसले. मॅनेजर चिडून बाहेर गेला. उकिडवा बसलेला एक उंच, हडकुळा माणूस. डोक्याला मळकं पागोटं, हातात चार हात लांबीची लोखंडी सळाख. तो उठला, आत आला, खांबाशी सळाख टेकवून दोन्ही हातांनी दाबली. लोण्यात सुरी जावी तशी ती गेली.

"हे गेल्या दिवाळीचं हाय," तो म्हणाला. "बजारातले खुंट, पाला, समदं ओलं भरलं, आन वरून राख टाकली. दिसाले पक्कं दिसते. आतून अजून बसून राह्यलं ते."

मग वीस पावलं पलीकडे गेला. तिथे सळाख दीड वीत जाऊन अडली. "हे तीन वर्साचं. इथं हत्ती आना."

आम्ही रंगमंच वीस पावलं हलवला. हत्ती नव्हता, पण पुढचे आठ दिवस आमचे भीमसेन आणि दुर्योधन त्यावर गदा आपटत होते आणि फळी हलली नाही. मॅनेजरने शालिकरामला आठही खेळांचे पास दिले. तो यायचा, पण सगळ्यात मागे, कनातीला पाठ लावून बसायचा. आपल्या अंगाला वास येतो हे त्याला ठाऊक होतं. त्याची बायको जयवंता मात्र पुढे, बायकांत बसायची. मी पडद्याच्या भोकातून पाहिलं होतं: ती जाजमावर टेकली की तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका थोड्या-थोड्या सरकत. ती मध्ये एकटी, ताठ मान करून, पदर नीट घेऊन बसलेली. इतक्या भूमिका करूनही तो ताठपणा मला कधी जमला नाही.

पुढे बोलपट आले आणि आमच्यासारख्यांच्या कंपन्या एकेक करून मिटल्या. आमची बत्तीस साली मिटली. मला ना घर ना दार. त्याच गावात एका वकिलाच्या मुलींना गाणं शिकवायचं काम मिळालं आणि मी तिथेच राहिलो. गावात ओळखीचा म्हणजे एक शालिकराम. सकाळी फिरायला म्हणून मी उकंड्याकडे जाऊ लागलो. वकीलसाहेबांना ते चमत्कारिक वाटे.

शालिकराम जातीचा माळी. गावाबाहेर त्यांचा मळा होता: वांगी, मेथी, आंबाडी, भोपळे. मळ्यासाठी उकंड्यावरून खत भरून न्यायचं, हे त्याचं तरुणपणीचं काम. खतातलं त्याला इतकं कळायचं की कमेटीने, म्हणजे गावच्या नगरपालिकेने, त्यालाच मुकादम नेमलं. मळा धाकट्या भावाकडे गेला. भाऊबंदांनी त्याला पंगतीतून उठवलं नाही. पण त्याचा पाट जरा लांब मांडू लागले.

नाल्याकाठी एक मोठा खोलगट भाग होता. गावचा सगळा कचरा आणून तो भरून काढायचा, असा कमेटीचा हुकूम. दुसऱ्या कुणी गाड्या रिकाम्या करून सोडून दिलं असतं. हा तसा नव्हता. हातभर जाडीचा थर पसरायचा, त्यावर जिनातली, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातली राख, आणि मग खळ्यात मळणी करतात तशी मधे मेढ रोवून तिच्याभोवती बैल फिरवायचे. दिवसभर. बैल कचरा तुडवत गोल गोल फिरताहेत आणि हा मागे चाबूक न उगारता नुसता चक-चक करत चाललाय, हे दृश्य मी कितीदा पाहिलं असेल.

"नुस्तं तुडवून होत नाई, बुवा," तो मला सांगायचा. मी गाणारा, म्हणून त्याच्या लेखी बुवा. "कोरडं तुडवलं तं पाय उचलला का गादीवानी वर येते. चिंब तुडवलं तं बाजूले पयते. त्याची येक येळ रायते."

ती वेळ तो मुठीवर ओळखायचा. कचऱ्याची मूठ भरून दाबायची. बोटांमधून पाणी निघालं तर थांबायचं, उन्हं खाऊ द्यायची. मूठ उघडताच भुगा सांडला तर नाल्याचं पाणी शिंपायचं. लाडू वळला, आणि अंगठ्याने टोचताच फुटला, की बैल घालायचे. जिनातून येणारी सरकीची फोलपटं आणि रुईचा गाळसाळ त्याला आवडत नसे. ते पाणी पितं आणि सोडत नाही, म्हणून तो ते थोडं-थोडं करून पसरायचा. भरलेल्या जागेत सळाख खुपसून ठेवायचा, तंबाखू मळून खायचा, आणि मग सळाख ओढून गालाला लावायचा. चटका बसला तर म्हणायचा, "पोटात आग हाय अजून. जेवन पचून नाई राह्यलं." पावसाळा सरून दोन महिने झाले तरी नाल्याकडच्या पायथ्यातून काळं पाणी पाझरत असे. त्याबद्दल त्याचं एक वाक्य होतं, सभ्य मंडळींनी कान झाकावेत: "उकंडा पानी पेते तवा कोनाले दिसत नाई, आन मुतते तवा सारं गाव नाक दाबते."

जयवंता दिराच्या मळ्यातली भाजी घेऊन रस्त्याच्या कडेला बसायची. सगळ्याच माळणी तशा बसत. गाड्यांची धूळ खात, शिपाई आला की टोपल्या उचलून पळत. पण इतरांची भाजी आधी संपायची आणि हिची मागे राहायची. शेजारी गोदाबाई बसे, तिच्याच जातीची, जिभेची तिखट. एकदा माझ्यासमोरच म्हणाली, "तुह्या मेथीले वास येते वं जयवंता. नवऱ्याच्या धोतराचा."

जयवंता जुडी झटकत म्हणाली, "वास येते तं नाक घरी ठिवून येत जा, गोदाबाई. जीभ तं कुठं ठिवत नाई तू."

बायका खूप हसल्या. जयवंताही हसली. पण त्या दिवशी तिच्या टोपलीतल्या अर्ध्या जुड्या सुकून परत गेल्या.

चौतीस साली कमेटीचे अध्यक्ष महादेवराव यांनी जाहीर केलं की खोलगट भाग भरून झाला की तिथे भाजीबाजार होणार. दगडी ओटे, नाल्याकडून भिंत, कडुनिंबाची झाडं. आणि पहिला ओटा शालिकरामच्या घरचा. शालिकरामने ते घरी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून जयवंता भाकरी घेऊन उकंड्यावर यायला लागली. आधी कधी येत नसे. येऊन, पदर नाकाला न लावता, उभी राहून बघायची: किती भरलं, किती राहिलं.

छत्तीसच्या उन्हाळ्यात भरणी संपली. बारा वर्षांचं काम. आता वरून मातीचं पांघरूण घालायचं होतं. ओव्हरसिअर रामराव म्हणाले, दीड कोसावरच्या टेकडीचा मुरूम आणू. मी तिथेच होतो.

शालिकरामला ते पटलं नाही. "मुरूम म्हंजे हाडं, साहेब. हाडाइवर कोन बसते? माहं ऐका, काळी माती घाला. चांगली दोन हात. आपल्या वऱ्हाडात काळ्या मातीसारखी दुसरी चीज हाय काय?"

"काळी माती फाटते," रामराव म्हणाले.

"फाटते तशी मिटतेबी. साऱ्या वावरात फाटते, तं काय वावरं बुडाले?"

गावतळं त्याच उन्हाळ्यात खोल करत होते आणि काळ्या मातीचे ढीग पडलेच होते. कमेटीला मुरमाच्या गाड्या वाचल्या. महादेवराव म्हणाले, "माळ्याचा हाय तो. मातीचं त्याले नाई समजन तं कोनाले समजन?" रामरावांनी सही केली.

इथेच चूक झाली. ती कशी झाली हे मला पुढे शालिकरामनेच समजावलं. वैशाखात काळी जमीन फाटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस आला की पाणी त्या भेगांतून थेट तळाला जातं. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि आत गेलेलं पाणी आतच राहतं. त्याच ओलीवर हिवाळ्यात ज्वारी येते, हरभरा येतो. म्हणून तर वऱ्हाडचा माणूस त्या मातीला आई म्हणतो. शालिकरामला मातीचं कळत होतं. उकंड्याचं त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. पण दोन्ही एकावर एक ठेवली तर काय होईल, हे त्याने मनात एकत्र आणलंच नाही. त्याला एवढंच वाटत होतं की बारा वर्षं ज्याला लोकांनी नाक मुरडलं, त्याच्यावर आता गावातली सगळ्यात चांगली माती घालावी.

सदतीसच्या गुढीपाडव्याला बाजार उघडला. समारंभाला माझं भाषण ठेवलं होतं. जुन्या नटाला दुसरं काय मागणार? मी काळ्या आईची थोरवी गायली. हात उंचावून म्हणालो की शालिकराम मुकादमाने घाणीला जमीन केलं आणि जमिनीला शालू नेसवला. टाळ्या पडल्या. कितीतरी वर्षांनी माझ्या वाक्याला टाळी पडली होती.

पहिला ओटा नाल्याच्या कडेचा, भिंतीला लागून. मोक्याची जागा; गाडीवाटेने येणारा माणूस आधी तिथेच पोचणार. जयवंताने नवं लुगडं नेसून ओट्याला हळद-कुंकू वाहिलं आणि टोपली मांडली. पहिलं गिऱ्हाईक महादेवरावांच्या घरच्या बाई. त्यांनी वांगी निवडून घेतली, हातात घेऊन, वास न घेता. जयवंताने ते मला तीनदा सांगितलं.

वैशाखात ओट्यांच्या मधे भेगा पडल्या. शालिकराम निर्धास्त होता. पावसाळा बरा झाला, भेगा मिटल्या, जमीन वरून गुळगुळीत झाली. चिखल नाही, घाण नाही. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

भाद्रपदात एका सकाळी तो माझ्या खोलीवर आला. पायरीवर बसला. आत ये म्हटलं तर आला नाही.

"बुवा, वट्यावर पानी सांडलं होतं," तो म्हणाला. "पाडव्याले ते मधे थांबत होतं. आता नाल्याकडे धावते."

मी म्हणालो, "थोडा कललाही असेल."

त्याने मला सोबत नेलं. नाल्याकडच्या ओट्यामागे सळाख टेकवली. दोन हात काळ्या मातीतून ती जोर लावून घालावी लागली, आणि मग त्याने हात सोडले. सळाख आपल्या वजनाने खाली गेली. आमच्या राणीच्या सिंहासनाखाली गेली होती, तशीच. वर ओढली तेव्हा टोकावरून काळं पाणी ठिबकत होतं. त्याने तिथे खणलं, आतला कचरा मुठीत घेऊन दाबला. पाणी बोटांमधून निघालं, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तो ते बघत राहिला. बारा वर्षं ज्या मुठीने त्याने बैल थांबवले होते, तीच ही मूठ.

"मी पक्कं बशिवलं होतं, बुवा. समदं. हे माह्या मातीनं आनलेलं पानी हाय."

तो कमेटीत गेला. मीही गेलो. म्हणाला, बाजार होळीपर्यंत बंद ठेवा, काळी माती उपसा, आतलं पाणी निघू द्या, मग मुरूम घाला. महादेवराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे विचारलं, "शालिकराम, काळी माती कोनं सांगतली?"

"मीच."

"मंग तवा खरं बोलला का आता?"

सभासद हसले. पुढच्या महिन्यात डिप्टी कमिशनर बाजार पाहायला येणार होते. नवा बाजार उपसून दाखवायचा का त्यांना?  ओल सगळीकडेच असते, एवढं म्हणून रामरावांनी कागद मिटला.

मग तो माळणींना सांगू लागला. ओट्या-ओट्यावर जाऊन. कुणी म्हणालं, मुकादमाला भुताने धरलं. गोदाबाई म्हणाली, "दहा वर्सं रस्त्याची धूळ खाल्ली. आता बूड टेकलं तं उठा म्हनतेत. तुमच्या घरची उठली काय आधी?"

तो पुढच्या ओट्याकडे वळला. घरची उठत नव्हती. एका संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात बसलो होतो. जयवंता चुलीपुढे भाकरी थापत होती आणि तिकडूनच बोलत होती.

"मी उठली का समद्या उठतीन. मंग लोकं काय म्हनतीन? मुकादमाची जमीन मुकादमाच्या बायकोलेच भरोशाची वाटत नाई."

"नाईच हाय ते भरोशाची, जयवंता."

"बारा वर्सं मी तुमचे धोतरं धुतले. बारा वर्सं मले कोनी शेजारी बसू देल्लं नाई. आता बायका माह्या वट्याले टेकून बसतेत, पान मागतेत. आन तुमी म्हनता ऊठ." भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "तुमच्या हातची जमीन हाय. तिच्यावर मी नाई बसन तं कोन बसन?"

आश्विनात परतीचा पाऊस दोन दिवस लागला. तिसरा दिवस शुक्रवार, बाजाराचा. आभाळ उघडलं होतं. शेंदूरजनाघाटाकडची संत्री अजून यायची होती, पण भोपळ्यांच्या आणि वांग्यांच्या गाड्या उभ्या होत्या, गर्दी मोठी होती. मी वांगी घ्यायला गेलो होतो. शालिकराम आला तो थेट जयवंताच्या ओट्यापाशी. त्याने तिची टोपली उचलली. तिने टोपलीचा दुसरा कान धरला.

"सोडा. तमाशा नका करू. बुवा पाहून राह्यले."

"ऊठ म्हन्तो ना."

"नाई उठत."

टोपली दोघांच्या मधे. वांगी खाली घरंगळू लागली. गोदाबाईने पलीकडून आवाज दिला, "ओढा, ओढा! पोळ्याचे बैल जसे!" सगळा बाजार हसत होता. जयवंताचा चेहरा लाल झाला होता, आणि मला तो पडद्याच्या भोकातून पाहिलेला ताठपणा आठवला. मला तिची दया आली. इतक्या लोकांत तिची फजिती होऊ नये असं वाटलं. मी पुढे झालो, आवाज जरा चढवला, सवयच ती, आणि म्हणालो, "अहो शालिकराम, बसू द्या त्यांना. तुमच्यावर विश्वास आहे म्हणून तर बसल्यात!"

लोकांनी वाहवा केली. शालिकरामने माझ्याकडे पाहिलं. टोपली सोडली.

तो भिंतीला वळसा घालून खाली नाल्यात उतरला. मी मागे सरून तिसऱ्या ओट्यावर वांगी निवडत होतो. थोड्या वेळाने खालून त्याची हाक आली. पुढे त्याने सांगितलं की भिंतीचं पोट फुगलं होतं आणि दगडांच्या सांध्यांतून काळं पाणी पिचकारीसारखं उडत होतं. लोकांनी पळावं म्हणून तो ओरडला, "पया! पया!" पण बाजाराच्या गलक्यात शब्द कळत नव्हते, नुसता आवाज कळत होता. आणि नवऱ्याचा आवाज ओळखायला बायकोला शब्द लागत नाहीत. जयवंता उठली. माझ्याकडे पाठ करून भिंतीपाशी गेली, वाकून खाली बघत म्हणाली, "काय म्हनता?"

आवाज मोठा झाला नाही. ओली घोंगडी दोरीवरून घसरून पडावी, तसा. भिंत, पहिला ओटा, दुसरा ओटा आणि त्यांच्यामागची जमीन नाल्यात उतरली. मी उभा होतो तिथून चार हातांवर कडा तुटली. दुसऱ्या ओट्यावरच्या गोदाबाईचा पाय दगडांखाली सापडला; ती जगली. शालिकराम कमरेपर्यंत गाडला गेला होता आणि हातांनी उकरत होता. स्वतःभोवतीचं नाही, पुढचं. लोकांनी त्याला ओढून काढलं तरी तो तिथेच उकरत राहिला. जयवंता सापडली तेव्हा दुपार टळली होती. तिच्यावर कचरा फारसा नव्हता. काळी मातीच होती.

चौकशी झाली. अतिवृष्टीमुळे अपघात, असा अहवाल आला. शालिकराम कमेटीत गेला आणि म्हणाला, "काळी माती मी सांगतली. माहं नाव लिहा." रामराव म्हणाले, घरी जा. त्याचं नाव लिहिलं तर खाली सही कोणाची होती तेही लिहावं लागलं असतं. तो पुन्हा गेला, महिनाभर जात राहिला. त्याच्यावर कुणी रागावलंसुद्धा नाही. महादेवरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की देवाची मर्जी. शेवटी शिपाई त्याला फाटकातच बसवून ठेवू लागला.

मग तो माझ्याकडे आला. "बुवा, तुमाले लिवता येते. तुमचं लोकं ऐकतेत. तुमी लिवा का शालिकरामनं चुकीची माती घातली, आन त्याची बायको मेली. येवढंच. दुसरं काई नाई पाह्यजे."

मी काय केलं? मी त्याला जवळ घेतलं. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणालो, "शालिकराम, तुमची काही चूक नाही. तुम्ही तर सगळ्यांना सांगत होतात." आयुष्यभर मी लोकांना हवं ते बोलून त्यांची मनं जिंकत आलो, त्याला काय हवंय हे तो समोर बसून सांगत होता, तरी मला ऐकू आलं नाही. माझे हात त्याने हळूच बाजूला केले. राम राम म्हणाला आणि गेला. त्यानंतर तो मला राम रामच म्हणायचा, त्यापुढे कधी एक शब्द नाही.

बाजार पुन्हा रस्त्यावर गेला. त्या जागेवर बाभळी उगवल्या. नोकरी त्याने सोडली. दर वैशाखात तिथल्या जमिनीला भेगा पडत, आणि हा दीड कोसावरच्या टेकडीवरून डोक्यावर घमेल्याने मुरूम आणून त्या भेगांत भरायचा. एक घमेलं, दोन घमेली. पाऊस यायच्या आत सगळ्या भरल्या पाहिजेत, असं त्याचं चाललेलं असे. कधीच भरल्या नाहीत. सात उन्हाळे मी ते लांबून पाहिलं. एकदाही त्याच्याबरोबर एक घमेलं उचललं नाही. मला वाटायचं, त्याला आवडणार नाही. चव्वेचाळीसच्या वैशाखात तो मळ्यातल्या झोपडीत तापाने वारला. भावाने सांगितलं, दारात भरलेलं घमेलं तसंच होतं.

आता माझं वय ऐंशीच्या घरात आहे. कमेटीतले कुणी उरले नाहीत, गोदाबाईही गेली. म्हणून त्याने सांगितलं होतं तसं लिहितो. काळी माती घाला असं शालिकराम मुकादमाने सांगितलं. ती चुकीची माती होती. तिने पाणी आत घेतलं आणि कोंडून ठेवलं, आणि त्यामुळे त्याची बायको जयवंता मेली. ती उठत नव्हती तेव्हा तो टोपली ओढत होता. ती टोपली सोडायला त्याला मी लावलं.